पत्रा किरण कापतो, रेघ कोण आखतो?

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) चिकलठाणा वसाहतीपासून वाळूजपर्यंत हिंडताना शेडवरच्या पाट्या वाचत जावे. 'लेथ', 'वेल्डिंग', 'फॅब्रिकेशन' हे जुने शब्द अजून आहेत. पण त्यांच्या शेजारी 'लेसर कटिंग', 'सीएनसी बेंडिंग', 'सीएनसी राऊटर' अशा नव्या पाट्या लागल्या आहेत. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या शेड उभ्या राहिल्या, आणि आपल्या वस्त्यांतील माणसे डबा घेऊन तिथे शिफ्टला जाऊ लागली. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातला कोणी ना कोणी आजही जातो. संध्याकाळी घरी आल्यावर आईने विचारले, "काय काम करतोस रे बाबा?" तर तो म्हणतो, "मशीनवर आहे." ते मशीन कोणते, ते काय करते आणि त्या मशीनपाशी आपला मुलगा नेमका कुठे उभा आहे, हे घरच्यांना ठाऊक नसते. त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम मशीन पाहू. साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद अशा चौकटीवर लोखंडाचा अखंड पत्रा पसरलेला असतो. त्याच्यावर एक मुंडके पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकते. त्याच्या टोकाला तांब्याचे बारीक नोझल असते. त्यातून लेसरचा किरण आणि त्याच्याबरोबर जोराने गॅस बाहेर पडतो. किरण पत्रा वितळवतो आणि गॅस वितळलेला धातू खालच्या बाजूने उडवून देतो. साध्या लोखंडाला बहुधा ऑक्सिजन वापरतात, म्हणजे लोखंड जळते आणि कापायला मदत होते. स्टेनलेस स्टीलची कड काळी पडू नये म्हणून नायट्रोजन लावतात. बघता बघता पत्र्यातून पट्ट्या, चकत्या, कंस, जाळ्या सुटून पडतात. कुठे खडूची खूण नाही, पंचाचा ठोका नाही, कानस नाही.

जाड प्लेटसाठी प्लाझ्मा असतो, तिथे वायूचा प्रचंड तापलेला झोत कापतो. उष्णता चालणारच नसेल तर पाण्याचा झोत वापरतात. पाण्यात बारीक कठीण वाळू मिसळून, हवेच्या दाबाच्या तीन-चार हजार पट दाबाने ते सोडतात, आणि ते पाणी दगड, काच, पितळ काहीही कापते. लाकडासाठी राऊटर. त्याची पाती मिनिटाला अठरा ते चोवीस हजार फेरे घेते. हत्यारे निराळी, पण या सगळ्यांचा हुकूम एकाच ठिकाणाहून येतो, संगणकात काढलेल्या रेघेतून. रेघ जिथे जाईल तिथे हत्यार जाईल.

हा हुकूम अगदी साध्या भाषेत असतो. 'जी झिरो वन' म्हणजे सरळ रेषेत कापत जा. 'जी झिरो टू' म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गोल जा, 'जी झिरो थ्री' म्हणजे उलटे गोल जा. पुढे दोन आकडे, इतके आडवे आणि इतके उभे. शाळेच्या पुस्तकातली निर्देशक भूमिती ती हीच. 'हिचा पुढे काय उपयोग?' असे विचारणाऱ्या मुलांना एकदा वाळूजच्या एखाद्या शेडमध्ये नेऊन उभे करावे, असे आम्हाला वाटते.

बारामतीचा मुलगा

आकड्यांच्या हुकुमावर चालणारे यंत्र अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने १९५२ साली जगाला दाखवले. तेव्हा भोके पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम दिला जात असे. पहिला लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी चालवला. पण कारखान्यात पत्रा आणि लाकूड कापायला ज्या लेसरने सुरुवातीची अनेक दशके राज्य केले, तो कार्बन डायऑक्साइडचा लेसर. तो १९६४ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत शोधणारे सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, आपल्या महाराष्ट्रातल्या बारामतीचा. पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. आज धातूच्या पत्र्यासाठी फायबर लेसर पुढे गेला आहे, तरी लाकूड, प्लायवुड आणि अॅक्रिलिक कापायला अजून तोच जुना लेसर लागतो. फायबर लेसरच्या किरणाला लाकूड नीट दाद देत नाही.

महाराष्ट्राचा आणखी एक दाखला सांगण्यासारखा आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेल्या ग्रामीण मुलांना हाताने काम करीत शिकवायचे, हा त्यांचा उद्योग. २००२ साली एम.आय.टी.च्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे 'फॅब लॅब' सुरू झाली. संगणकावर आकार काढायचा आणि यंत्राकडून तो कापून घ्यायचा, अशी ही कार्यशाळा. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये या खेडेगावाचे नाव घेतले जाते. तेव्हा 'हे आपल्याला कुठे जमणार' असे कोणी म्हणू नये.

हत्यार कोणाच्या घरात होते?

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गावगाड्यात रंधा आणि पटाशी सुताराच्या घरात होती, ऐरण आणि भाता लोहाराच्या. महाराच्या हातात काय होते? काठी. हत्यार नाही म्हणून कसब नाही, आणि कसब नाही म्हणून पुन्हा हत्याराजवळ येऊ द्यायचे नाही. कसब बापाकडून मुलाकडे जात होते, आणि दुसऱ्या घरातल्या मुलाने ते शिकायचे ठरवले तरी त्याला शिकवणार कोण?

गिरण्या आल्या तेव्हा हे सुटेल असे वाटले होते. पण मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, आणि जास्त पगार तर तिथेच होता. कारण काय दिले जाई? धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत आपल्या जवळच मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथेही त्यांनी दाखवून दिले की, आपल्या माणसाला गँगमन म्हणून ठेवतात आणि वरच्या कामाची दारे त्याला बंद असतात.

तरीही बाबासाहेब यंत्राच्या विरोधात गेले नाहीत, हे आमच्या तरुणांनी नीट वाचावे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू मांडली आहे. दोष यंत्राचा नसून यंत्राचा फायदा मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि माणसाला विचार करायला फुरसत मिळायची तर यंत्र लागेलच, असा त्यांचा युक्तिवाद. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी तांत्रिक शिक्षणाकडेही लक्ष पुरवले.

सीएनसी यंत्र या बाबतीत जुन्या सगळ्या यंत्रांहून आमच्या जास्त कामाचे आहे. सुताराच्या मनगटात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले वळण इथे फायलीत उतरते, आणि फाइल ज्याला वाचता येते त्याची. 'तू कोणाचा?' असे हे यंत्र विचारत नाही. पण यंत्र चालवणाऱ्या शेडमधली माणसे विचारू शकतात. म्हणून सावध राहिले पाहिजे.

शेडमध्ये जाऊन पाहा. चार जागा असतात. एक हेल्पर, जो पत्रा चढवतो, सुटलेले तुकडे वेचतो, कडेची बर घासतो. दुसरा ऑपरेटर, जो नोझल बदलतो, फोकस आणि गॅसचा दाब लावतो आणि हिरवे बटण दाबतो. तिसरा प्रोग्रॅमर. तो काचेच्या केबिनमध्ये बसून ड्रॉइंग तपासतो, पत्र्यावर तुकड्यांची मांडणी करतो आणि दर काढतो. चौथा मालक. आम्ही ज्या शेड पाहिल्या, तिथे आपली मुले पहिल्या जागी भेटली, काही दुसऱ्या जागी. काचेच्या आत फार थोडी. एका शेडमधला तरुण सहा वर्षे पत्रे उचलतो आहे, तोही कंत्राटदाराकडून. आयटीआय झालेला आहे. "केबिनमध्ये जाऊन बघितले का कधी?" असे विचारले तर म्हणाला, "सर, तिकडे चहा द्यायला जातो."

त्या दोन दारांमधले अंतर दहा फुटांचे आहे. ते तोडायला लाखो रुपये लागत नाहीत. ड्रॉइंग वाचणे, संगणकावर रेघ काढणे, मांडणी करणे एवढे लागते. लिब्रेकॅड, फ्रीकॅड, इंकस्केप ही त्याची साधने फुकट मिळतात आणि साध्या जुन्या संगणकावर चालतात. मुलींसाठी तर आम्ही आग्रहाने सांगू. जिला भूमितीत गती आहे, तिने या कामाकडे जरूर पाहावे. यात पत्रा उचलावा लागत नाही. नजर आणि चिकाटी लागते.

एक धम्मचक्र कापून पाहू

कोरडी माहिती देण्यापेक्षा एखादे काम करून दाखवलेले बरे. समजा, वस्तीतल्या विहाराच्या फाटकात पत्र्याचे चक्र बसवायचे आहे. चाक म्हटले की तीन भाग आले, मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेरची धाव. आठ आऱ्यांचे धम्मचक्र सोपे आहे, ४५ अंशांवर एकेक आरा. अशोकचक्राला २४ आरे, म्हणजे १५ अंशांवर एक. संगणकात एकच आरा काढायचा आणि मध्यबिंदूभोवती २४ वेळा फिरवायचा.

इथेच नवशिक्या फसतो. ३०० मिलिमीटरचे चक्र आहे आणि तुंब्याचा व्यास ६० ठेवला, तर तुंब्याचा घेर सुमारे १८८ मिलिमीटर. त्याचे २४ वाटे केले की एकेका आऱ्याला ८ मिलिमीटरसुद्धा मिळत नाहीत. आरा ४ मिलिमीटर जाडीचा काढला, तर दोन आऱ्यांमधली फट ४ पेक्षा कमी. पत्रा २ मिलिमीटरचा असेल तर हे निभते. पण ६ मिलिमीटरच्या प्लेटमध्ये एवढी अरुंद फट कापताना उष्णता साठून आरे वाकतात, कडा जळतात. पत्र्याच्या जाडीहून लहान भोक किंवा फट शक्यतो काढू नये, असा साधा नियम धरून चालावे. मग तुंबा मोठा करावा किंवा आरा तुंब्याकडे निमुळता करावा.

दुसरे, किरण स्वतः जागा खातो. फायबर लेसरचा काप मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशाएवढा असतो, प्लाझ्माचा एक-दीड मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. बरोबर रेघेवर कापले तर चाक तेवढे लहान होते आणि भोक तेवढे मोठे. म्हणून हत्यार अर्ध्या कापाने बाहेर सरकवावे लागते. हे सॉफ्टवेअर करते, पण आत कोणते आणि बाहेर कोणते हे माणसाने सांगावे लागते. आधी आतल्या सगळ्या फटी कापायच्या, बाहेरचा गोल शेवटी. उलटे केले तर चाक आधीच सुटून सरकते आणि आऱ्यांची जागा चुकते.

चक्राखाली 'जयभीम' लिहायचे आहे. आमच्या देवनागरीची गंमत इथे कळते. इंग्रजी शब्द पत्र्यातून कापून काढला तर प्रत्येक अक्षर सुटे पडते आणि एकेक जोडत बसावे लागते. देवनागरीला शिरोरेघ आहे. ती बहुतेक अक्षरांना धरून ठेवते आणि शब्द बहुधा एका तुकड्यात हातात येतो. मात्र 'धम्मं', 'संघं' अशा शब्दांवरचा अनुस्वार कुठेच चिकटलेला नसतो, तो खाली पडून हरवतो. त्याला शिरोरेघेशी बारीक दांडीने जोडून घ्यावे. आणि अक्षरे कापून काढण्याऐवजी पत्र्यात अक्षरांची भोके पाडायची असतील, म्हणजे मागून दिवा लावला की शब्द उजळावा अशी पाटी करायची असेल, तर 'ब' किंवा 'व' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि अक्षर ओळखू येत नाही. तिथे पोटातला तुकडा बाहेरच्या पत्र्याशी जोडणारे एक-दोन छोटे पूल ठेवावेत.

फाइल देताना अक्षरे 'कर्व्ह'मध्ये बदलून द्यावीत. नाहीतर समोरच्या संगणकात तो टाइप नसला की 'भीम'चा काना-वेलांटी कुठल्या कुठे जाते आणि कापल्यानंतरच लक्षात येते. जयंतीच्या आदल्या आठवड्यात धावपळीत हे हमखास घडते.

हेच चक्र लाकडात हवे असेल तर हिशेब बदलतो. राऊटरची पाती ६ मिलिमीटरची असली की आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरची गोलाई राहणारच. काटकोनी खाच मिळत नाही. घरातल्या कपाटाच्या फळ्या खाचेत बसवायच्या तर कोपऱ्याला जरा जास्त कोरून जागा करावी लागते, किंवा पटाशीने कोपरा साफ करावा लागतो. प्लायवुडवर १८ मिलिमीटर लिहिलेले असले तरी ते बहुधा थोडे कमी भरते. व्हर्नियरने मोजूनच खाच काढावी.

आपल्या शहराजवळ वेरूळचे दहावे लेणे आहे, सुमारे सातव्या शतकातला बौद्ध चैत्य. लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात, कारण त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या कमानी आहेत, आणि त्या सगळ्या दगडात कोरलेल्या. लाकडाचे माप दगडात उतरवणारे ते हात कोणाचे होते, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पुढच्या सहलीत मुलांना बुद्धमूर्ती दाखवाल, तेव्हा मान वर करून छतही दाखवा.

शिक्षण आणि भांडवल

चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्र सरकारच्या लघुउद्योग मंत्रालयाची. दहावीनंतरची टूल अँड डाय मेकिंगची पदविका, कॅड-कॅम आणि सीएनसीचे अभ्यासक्रम तिथे चालतात. प्रवेशापूर्वी अनुसूचित जातींच्या सवलतींची चौकशी लेखी करावी, तोंडी उत्तरावर परत येऊ नये. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर हे सामायिक सुविधा केंद्र आहे. आयटीआय तर आहेच, पण तिथून बाहेर पडताना फक्त प्रमाणपत्र आणू नका, ड्रॉइंग वाचायला शिकून या.

भांडवलाबाबत थोडे. लाकडाचा राऊटर काही लाखांत येतो, धातूचा फायबर लेसर त्याच्या कित्येक पट. पहिल्याच उडीत लेसर घेऊ नये, असे आमचे मत. आधी ड्रॉइंगचे काम घ्यावे, कापून दुसरीकडून घ्यावे, गिऱ्हाईक बांधावे. २०१६ साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत बँकेच्या प्रत्येक शाखेने निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यावे, असे होते. तिची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पहिल्यांदा उद्योग करणाऱ्या महिला, अनुसूचित जाती आणि जमातींसाठी दोन कोटींपर्यंतच्या कर्जाची नवी योजना जाहीर झाली आहे. बँकेत तिच्याबद्दल नावानिशी विचारावे.

केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी आपल्या खरेदीतील ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यावा, असा आदेश २०१२ चा आहे. पहिली अनेक वर्षे हा आकडा गाठलाच गेला नाही. माल देणारेच नाहीत, असे कारण पुढे केले जाई. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, म्हणून दाखला नीट करून ठेवावा. नोंदणीसाठी कागद पुरे पडले नाहीत म्हणून परतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

घरच्यांनी विचारायच्या गोष्टी

मुलगा लेसरवर असेल तर त्याला विचारा, काम चालू असताना यंत्राचे दार बंद असते का? फायबर लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, आणि परावर्तित होऊन आला तरी दृष्टी जाऊ शकते. साधा काळा चष्मा उपयोगी नाही, त्या किरणासाठी बनवलेलाच लागतो. जस्ताचा पत्रा कापताना निघणारा धूर ओढून घेणारा पंखा आहे का? एमडीएफच्या बारीक भुशात गोंदाचा अंश असतो, तो छातीत जातो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क हवा आणि भुसा ओढणारी नळी हवी. आणि पीव्हीसी किंवा रेक्झिन लेसरखाली कधीच घालू नये. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, माणसालाही घातक आणि यंत्रालाही.

मंडळाचे किंवा घरचे काम कापायला द्याल तेव्हा दर कशाचा ते आधी ठरवा, कापाच्या लांबीचा, यंत्र चालले त्या वेळेचा की पत्र्याच्या वजनाचा. मांडणीचा कागद मागून घ्या. एका पत्र्यात आठ चक्रे बसतात की दहा, हे त्यावर दिसते, आणि मांडणाऱ्याने तुकडे जवळजवळ बसवले की पत्रा वाचतो. पत्रा तुम्ही आणून दिला असेल तर उरलेली कतरणही तुमचीच. ती दारातच वजन करून घ्या. आऱ्यांमधून निघालेले त्रिकोणी तुकडे मुलांना भूमिती शिकवायला फार उपयोगी पडतात, फक्त कडा आधी कानशीने घासून द्या.